आजोबांच्या डोक्यामागचा पाइप कसा घालवू?

रानफूल:
आजोबांचा खुर्चीत बसलेला फोटो मोठा करून फ्रेम करायचाय. चेहऱ्यावरचे भाव अगदी त्यांचे, पण मागे गडद लाकडी दार, त्यावरून डोक्यातून उगवल्यासारखा पांढरा पाइप आणि कोपऱ्यात लालभडक बादली. गिंपमध्ये (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आजोबा सिलेक्ट करून बाकीचं गॉसियन ब्लरने धूसर केलं, तर पांढऱ्या केसांभोवती धुरकट वलय आलं. कात्रण चिकटवल्यासारखं दिसतंय. काय करू?

तिरपी_सावली:
बादली कोपऱ्यात आहे ना? मग क्रॉप करा की. निम्मं काम तिथेच संपतं.

काळापांढरा:
क्रॉपला अनुमोदन. पाइप मात्र त्याने जाणार नाही.

वलय का येतं, तर ब्लर म्हणजे शेजारपाजारच्या पिक्सेलची सरासरी. केसांचा पांढरा रंग त्या सरासरीत मिसळून दारावर ओघळतो. म्हणून ब्लर करायच्या आधी मागच्या लेयरमधून आजोबांनाच काढून टाकायचं. लेयरची (म्हणजे चित्राच्या थराची) कॉपी करा. खालच्या लेयरवर त्यांचं सिलेक्शन थोडं फुगवा आणि ती जागा क्लोनने (एका जागचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या टूलने) दाराच्या लाकडाने भरा. भरणं ओबडधोबड झालं तरी चालेल, पुढे ते धूसरच होणार आहे. आता हा लेयर ब्लर करा आणि वरच्या लेयरला मास्क लावून (मास्कवर पांढरं तेवढं दिसतं, काळं लपतं) फक्त आजोबा आणि खुर्ची ठेवा.

खुर्चीच्या पायांजवळची जमीन धूसर करू नका. ती आजोबांइतक्याच अंतरावर आहे, ती विरघळली की खुर्ची हवेत तरंगते. तिथे मास्कवर काळ्या-पांढऱ्याचा ग्रेडियंट ओढा, म्हणजे धूसरपणा मागे जाताना हळूहळू वाढेल. शिवाय ब्लरमुळे फोटोचा दाणा पुसला जातो आणि पार्श्वभूमी प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत होते. शेवटी तिच्यावर किंचित नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाका.

खरं सांगू का, मी असतो तर ब्लर केलाच नसता. (हल्ली ज्याला त्याला मागचं सगळं लोणी करून हवं असतं.) नजर आधी जाते ती उजेडाकडे, भडक रंगाकडे आणि अक्षरांकडे. पाइप क्लोनने काढा, बादली क्रॉपमध्ये बसत नसेल तर तिचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवून थोडी काळवंडा. जुनं दार आहे तसं राहू द्या, ते आजोबांच्याच घरातलं आहे.

रानफूल:
पटलं, दार ठेवते. पण पाइप केसांना जिथे टेकतो तिथे हील ब्रश फिरवला की केसांचा पांढरा डाग दारावर पसरतो.

काळापांढरा:
हील आजूबाजूचा रंग मिसळून घेतो, त्यामुळे कडेला हमखास घाण होते. तिथे क्लोन वापरा, ब्रश लहान, कड जरा टणक. नमुना पाइपच्या अगदी शेजारच्या फळीवरून, त्याच उंचीवरून घ्या, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतील. केसांपासून दूर गेल्यावर हील चालेल.

सुटे केस क्लोनखाली गेले, तर दुसऱ्या बाजूचे थोडे केस नव्या लेयरवर कॉपी करून आडवे उलटवा आणि लेयरचा मोड ‘लायटन ओन्ली’ ठेवा, त्यात दोन लेयरपैकी उजळ तेवढंच दिसतं. दार गडद असल्यामुळे फक्त पांढरे केस उमटतील, सिलेक्शनची कटकट नाही.

तिरपी_सावली:
आणि १०० टक्के झूमवर तपासा. फ्रेम मोठी आहे म्हणताय, स्क्रीनवर न दिसलेली कड प्रिंटमध्ये दिसते.

रानफूल:
हो. आज रात्री पाइपला लागते.