अनुभव धागा: वर्गातला हातचा खाऊ

शुक्रवारी आमच्या बालवाडीत लेकरं स्वतः खाऊ करतात. गॅस नाही, सुरी नाही, वय 3 ते 5. माझं डोकं आता चालत नाही, तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी.

माझा हक्काचा खाऊ म्हणजे संत्री. अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाची संत्री, बाजारात आला की टोपलीभर आणते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठापाशी अंगठ्यानं भोक पाडून दिलं की पुढचं पोट्टे सोलतात. बिया मात्र मीच काढते. मागच्या वेळी एक पोरगी वीस मिनिटं फोडींवरचे पांढरे धागे काढून राहिली होती. फोडी शेजारच्याला दिल्या आणि धागे ताटलीच्या काठावर ओळीनं मांडले. काय बोलणार!

दोन लेकरांची आई, धरमपेठ
ओली भेळ. काकडी, टमाटर घरून बारीक चिरून नेले, सांबार (कोथिंबीर) पोरांनी हातानं तोडला. सगळं एकाच गंजात (पातेल्यात) कालवलं हे चुकलं. शेवटच्या पोराच्या वाटीत लगदा पडला, तो रडला. आता ज्याचे मुरमुरे त्याच्या वाटीत, लिंबूही ज्यानं त्यानं पिळायचं. शेंगदाणे घालत नाही. इतक्या लहान लेकराच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. कूट चालतं, पण दाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारा.

अंगणवाडी सेविका
मोडाचे मूग. भिजवलेले मूग पोरं फडक्यात बांधतात, रोज सकाळी आधी गाठोडं बघायला धावतात. "ताई, याला शेपूट आलं!" एप्रिलात एकदा आंबूस वास आला, सगळे फेकले. उन्हाळ्यात हा उद्योग नकोच. मोड कच्चे देत नाही, वाफवूनच. मीठ-लिंबू पोरांच्या हातून.

निवृत्त शिक्षिका, महाल
सातूच्या पिठाचे लाडू करा. किसलेला गूळ, चमचाभर तूप, लागेल तसं दूध. पीठ भाजक्या धान्याचं, त्यामुळे चूल लागत नाही. एकानं सुपारीएवढा लाडू वळला आणि बाबासाठी म्हणून चड्डीच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची आई ती चड्डी घेऊनच शाळेत आली. तेव्हापासून मी कागदाच्या पुड्या जवळ ठेवते.

धागाकर्ती
बाई, पुढच्या शुक्रवारी लाडूच. बावीस पोरांना पीठ किती घेऊ?