स्वतःविषयीच्या विकिपीडिया लेखातील चूक स्वतः दुरुस्त करावी का?

प्रश्न : बालनाट्यलेखिका, नौपाडा, ठाणे

गेली पस्तीस वर्षे मी बालनाट्ये लिहिते. मराठी विकिपीडियावर माझ्याविषयी एक छोटा लेख आहे, हे मला मागच्या महिन्यात भाचीने दाखवले. तो कोणी लिहिला ते मला ठाऊक नाही, पण त्यामागची आपुलकी जाणवते. मात्र त्यात माझे जन्मगाव पुणे दिले आहे, प्रत्यक्षात माझा जन्म अलिबागचा. आणि माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका लेखिकेचे दोन कवितासंग्रह माझ्या पुस्तकांच्या यादीत आले आहेत. ही दुसरी चूक मला अधिक लागली, कारण त्या बाईंच्या कष्टांचे श्रेय विनाकारण माझ्याकडे आले आहे.

मी खाते उघडून दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि त्याच ओघात महापालिकेच्या शाळांत वीस वर्षे घेतलेल्या नाट्यशिबिरांविषयी एक परिच्छेदही लिहिला. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत झालेले दिसले. ‘इतिहास पहा’ या पानावर ‘संदर्भ नाही, स्वतःविषयी लेखन’ एवढीच नोंद होती. मी पुन्हा बदल केले, ते पुन्हा उलटवले गेले. माझा जन्म कुठे झाला हे माझ्याइतक्या खात्रीने दुसरे कोण सांगणार? जन्मदाखल्याची प्रत चढवली तर चालेल का?

उत्तर : विकिपीडिया संपादिका, नेरूळ

ताई, जन्मदाखला कृपा करून चढवू नका. त्यात आईवडिलांची नावे आणि इतर खाजगी तपशील असतात, आणि एकदा चढवलेली गोष्ट जगभर पसरते. शिवाय विकिपीडियाला हवा असतो तो प्रसिद्ध झालेला संदर्भ, जो कोणताही वाचक स्वतः उघडून पडताळू शकेल. आपण खोटे बोलत आहात असे कोणाचेच म्हणणे नाही. पडद्यामागे बसलेली व्यक्ती खरोखर आपणच आहात की आपल्या नावाने लिहिणारे दुसरे कोणी, हे ओळखण्याचा मार्ग संपादकांकडे नसतो, म्हणून हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो.

याची झळ मोठमोठ्यांना बसली आहे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या एका पात्रामागची प्रेरणा कोण, याविषयी इंग्रजी विकिपीडियावर चुकीचे लिहिले होते आणि खुद्द लेखकाचा शब्दही तिथे पुरेसा ठरला नाही. अखेर 2012 मध्ये त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये जाहीर पत्र लिहिले, ते छापून आल्यामुळे संदर्भ म्हणून वापरता आले आणि लेखात त्यांची बाजू आली. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनीही 2005 मध्ये स्वतःच्या लेखात फेरफार केले होते. ते उघड झाल्यावर, आपण असे करायला नको होते, असे त्यांनी मान्य केले. स्वतःविषयी लिहिताना तोल सांभाळणे प्रामाणिक माणसालाही अवघड जाते, असे माझे अनुभवाचे मत आहे. आपला शिबिरांचा परिच्छेद मी वाचला. काम मोलाचे आहे, पण त्यात ‘अविस्मरणीय’ हा शब्द दोनदा आला आहे.

तेव्हा लेखाच्या चर्चापानावर जा, हा लेख आपल्याविषयी आहे हे स्पष्ट सांगा, कोणते वाक्य चुकले आहे, त्याजागी काय हवे आणि ते कुठे छापलेले आहे हे लिहा. दुसऱ्या संपादकाने पडताळून बदल केला की तो टिकतो. जन्मगावासारख्या साध्या, वाद नसलेल्या माहितीसाठी आपल्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावरील लेखकपरिचयही सहसा चालतो. कवितासंग्रहांचे काम त्याहून सोपे आहे, कारण त्या बाईंच्या संग्रहांवर त्यांचा स्वतःचा परिचय छापलेला असेल. लेखात कधी बदनामीकारक आणि संदर्भहीन मजकूर आढळला, तर मात्र तो ताबडतोब काढण्याची मुभा सर्वांना, आपल्यालाही, आहे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, ठाणे

संदर्भ शोधण्यासाठी आपल्याला लांब जावे लागणार नाही. 1893 मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या ठाण्यातच आहे. आपली पुस्तके आणि त्या दुसऱ्या लेखिकेचे संग्रह तिथे शेजारी ठेवून पाहावेत. शिबिरांसाठी स्थानिक दैनिकांतील बातम्या शोधा. आपल्या संस्थेने काढलेल्या स्मरणिकेचा उपयोग मर्यादित आहे, कारण ती आपल्याच माणसांनी छापलेली असते. कोणा त्रयस्थाने लिहिलेल्या चार ओळी तिच्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. कात्रण हाती असेल, तर दैनिकाचे नाव, तारीख आणि पृष्ठ क्रमांक लिहून घेतल्याशिवाय ते घडी करून ठेवू नका. तारीख नसलेली कात्रणे घेऊन येणारी किती तरी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांची निराशा मला अजून आठवते.

उत्तर : वाचक, ऐरोली

नेरूळच्या बाईंचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण मराठी विकिपीडियावर नियमितपणे काम करणारी मंडळी थोडी आहेत. चर्चापानावरील विनंती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, याचा अनुभव मी घेतला आहे. तोपर्यंत चुकीचे जन्मगाव इतर संकेतस्थळे उचलतात, पुढे तेच वर्तमानपत्रात छापले जाते आणि ती बातमी मूळ चुकीचाच आधार बनते. अशा वेळी संबंधित माणसाने नुसते थांबून राहणे मला न्याय्य वाटत नाही.

उत्तर : विकिपीडिया संपादिका, नेरूळ

आपली तक्रार रास्त आहे. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर ‘चावडी’वर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विनंतीचा दुवा द्यावा. तिथेही कोणी पुढे आले नाही, तर चर्चापानावर आधी कळवून जन्मगावासारखी साधी दुरुस्ती संदर्भासह स्वतः करण्यास माझी हरकत नाही. शिबिरांचा परिच्छेद मात्र दुसऱ्या कोणी लिहावा, हा आग्रह मी सोडणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल माझी जुनी पुस्तके काढून पाहिली, तेव्हा ‘पुणे’ कुठून आले ते कळले. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर प्रकाशकाकडून तसे छापले गेले होते आणि मुद्रितशोधनात ते माझ्याही नजरेतून सुटले. लेख लिहिणाऱ्याने छापील आधारच घेतला होता, हे पाहून मनातला राग गेला. पहिल्या आणि चौथ्या पुस्तकावर मात्र ‘अलिबाग’ आहे. चर्चापानावर असे लिहू का?

‘हा लेख माझ्याविषयी आहे. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर जन्मगाव पुणे छापले आहे, ती छपाईतील चूक आहे. पहिल्या व चौथ्या पुस्तकाच्या मलपृष्ठांवर अलिबाग असे आहे. यादीतील दोन कवितासंग्रह माझे नाहीत, ते माझ्याच नावाच्या दुसऱ्या कवयित्रीचे आहेत. कृपया पडताळून दुरुस्ती करावी.’

उत्तर : विकिपीडिया संपादिका, नेरूळ

अगदी असेच लिहा. तिन्ही पुस्तकांची नावे, प्रकाशनवर्षे आणि आवृत्त्या तेवढ्या जोडा, आणि प्रकाशकांना पत्र लिहून पुढच्या आवृत्तीत मलपृष्ठ सुधारून घ्या. कवितासंग्रहांच्या यादीचे मी शनिवारी स्वतः पाहते. त्या कवयित्रींविषयी वेगळा लेख लिहिण्याइतके संदर्भ मिळतात का, तेही शोधते.