कामगंध सापळ्यात तीन ल्युअर टाकले, तरी पतंग कमीच. काऊन?

पऱ्हाटीवाला, वणी
तीन एकर पऱ्हाटी, गुलाबी बोंडअळीसाठी सहा सापळे. यंदा जरा डोकं चालवलं अन् एका सापळ्यात एकाऐवजी तीन ल्युअर (नराले ओढणाऱ्या, मादीच्या वासाच्या गोळ्या) अडकवले. म्हटलं, वास तिप्पट तर पतंगही तिप्पट. आठ दिवस झाले, रोज सकाळी पिशवी सोडून मोजतो. एका ल्युअरच्या सापळ्यांत प्रत्येकी नऊ-दहा, अन् या तिप्पटवाल्यात दोन-तीन! ल्युअर एकाच पाकिटातले. बायको म्हणते, पतंगाले शिसारी आली असंल. खरं काय?

कापूसकाका
तंबाखूच्या हातानं लावले का? मागं मी तेच केलं होतं.

पऱ्हाटीवाला, वणी
नाही काका, कागदानं धरून लावले.

शृंगिका
दादा, वहिनी बऱ्याच जवळ पोचल्यात. मी कीटकशास्त्रात पीएचडी करते. नर पतंगाच्या मिशीला तारा जोडायच्या आणि वास दिल्यावर किती वीज उठते ते पडद्यावर बघायचं, हेच माझं काम. अर्धा सेकंद वासाची फुंकर दिली की रेघ झपकन खाली जाते, मग सावरते. लगेच दुसरी दिली तर खड्डा लहान. वास चालूच ठेवला तर मिशी जवळजवळ गप्प.

त्या मिशीवरच्या केसांना बारीक भोकं असतात. वासाचा रेणू तिथून आत शिरतो, आतल्या द्रवातलं एक प्रथिन त्याला चेतापेशीपर्यंत पोचवतं, आणि पेशीवरच्या ग्राहीला तो भिडला की संदेश सुटतो. पण पेशी वास आला तेव्हा जोरात बोलते, वास तसाच राहिला की आवाज उतरतो. पुढे मेंदूतही शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात, त्यामुळे वास कधी आला, कधी तुटला हे ठळक होतं.

नराला नेमकं तेच हवं असतं. वारा वास सलग आणत नाही, तुटक धाग्यांनी आणतो. धागा लागला की नर वाऱ्याच्या दिशेनं सरळ जातो, सुटला की डावी-उजवीकडे हेलकावे घेत शोधतो. तीन ल्युअरजवळ वास इतका दाट होतो की पेशी थकतात आणि तो सापळ्याच्या अलीकडेच रेंगाळतो. (एका सापळ्यावरून छातीठोक सांगणार नाही, पण अंदाज हाच.)

पिकात जागोजागी कामगंध सोडून नराला मादी सापडू न देण्याची पद्धत याच खोडीवर चालते. अमेरिकेनं 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं, त्यात बीटी कापूस आणि वांझ पतंगांबरोबर हाही उपाय होता.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग म्हणजे धोक्याची पातळी. तुम्ही आठ दिवस नऊ-दहा मोजताय! आजच वीस हिरवी बोंडं फोडून बघा.

कापूसकाका
शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची घे रे, धुऱ्यावरचीच नको.

पऱ्हाटीवाला, वणी
जादाचे दोन ल्युअर काढले ताई. बोंडं सगळ्या शेतातून घेतली काका. विसापैकी तीनमध्ये अळी निघाली. पंप काढायला चाललो.