अनुभव धागा : कोर्स पुरा केला, पण रेकॉर्डला दिसत नाही

परवा शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या. कामावरच्या सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे ७ भाग त्यांनी दोन रात्री जागून बघितले होते. स्क्रीनवर मात्र ‘२ पूर्ण’ एवढंच. मध्ये लाइट गेली, वायफाय बंद पडलं, पंधरा मिनिटांनी परत आलं. वहिनींनी विचारलं, “म्हणजे मी बघितलंच नाही असं धरणार काय?” मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथं असाल तिथून लिहा. काय चाललं होतं, कुठं तुटलं, पुढं काय केलंत? खात्याचं, कंपनीचं नाव नको. घडलं ते सांगा.

शिक्षिका, खानापूर तालुका

माझी शाळा जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला. पावसाळ्यात इथं रेंज म्हणजे देवाची कृपा. व्हरांड्याच्या कडेच्या खांबापाशी दोन काड्या मिळतात, तिथं खुर्ची टाकून मी अख्खं प्रशिक्षण केलं. अंगावर शिंतोडे येत होते, म्हणून मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीवरूनच बोट फिरवत होते. शेवटच्या चाचणीत २० पैकी १८ गुण आले, ते मी डोळ्यांनी बघितले. मग ते गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ‘अपूर्ण’.

प्रत्येक भागाचे मुद्दे मी वहीत उतरवले होते, तारीख आणि वेळेसकट. वही घेऊन वरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, “मॅडम, सिस्टीमला हिरवं दिसत नाही.” २२ वर्षं शिकवतेय. मुलानं गृहपाठाची वही पुढं केली की मी आधी ती वाचते, मग बोलते. त्या दिवशी घरी येऊन जेवणसुद्धा गेलं नाही.

सीएनसी ऑपरेटर, उद्यमबाग

आमचा सेफ्टीचा कोर्स होता. रात्रपाळीला सुपरवायझरच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बसलो. अर्ध्यात मशिनवर जॉब बघायला जावं लागलं, पाऊण तासानं आलो. पान तसंच उघडं होतं, ‘पुढे’ दाबलं की पुढं जात होतं. आणखी ३० स्लाइड झाल्या, आणि शेवटी काय, तर ‘पुन्हा लॉगिन करा’. लॉगिन मघाशीच संपलेलं. नेट गेलं असतं तर कळलं तरी असतं. हे तुटलेलं मला कळलंच नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

बँक कर्मचारी, निपाणी

माझं नेट कधीच गेलं नाही, तरी माझंही गेलं. शिक्षण मराठी शाळेत झालंय. काउंटरवर दिवसभर कन्नड बोलते, पण पानंच्या पानं कन्नड वाचायला मला वेळ लागतो. कोर्समध्ये कन्नड आणि इंग्रजी दोनच भाषा होत्या. कन्नडमध्ये ४ भाग केले, मग वेळ अपुरा पडतोय म्हणून इंग्रजी निवडली. टक्केवारी शून्य! परत कन्नडवर गेले, तर तिथले ४ भाग जागेवर होते. म्हणजे सिस्टीमच्या लेखी ते दोन वेगळेच कोर्स. हे सुरुवातीला एका ओळीत सांगायला काय हरकत होती? आणि मराठी असती तर हा प्रश्नच आला नसता, तेही इथं लिहून ठेवते.

प्रशिक्षणाच्या सिस्टीमवर काम करणारा, टिळकवाडी

मी आतल्या बाजूचं सांगतो, म्हणजे आपलं काही चुकलं ही भावना तरी जाईल.

बरेच कोर्स अजून स्कॉर्म १.२ या, कोर्सची प्रगती नोंदवायच्या २००१ सालच्या पद्धतीवर चालतात. तुम्ही ‘पुढे’ दाबता तेव्हा ती नोंद आधी तुमच्या ब्राउझरमध्येच राहते. ती सर्व्हरला धाडायची वेगळी आज्ञा असते. नेट नसेल किंवा लॉगिन संपलं असेल, तर ती आज्ञा फसते. कोर्स बनवणाऱ्यानं हे फसणं तपासून इशारा द्यायला हवा. पुष्कळ जण देत नाहीत, आणि स्लाइड आधीच उतरलेल्या असल्यामुळं माणूस पुढं जात राहतो. उद्यमबागच्या मित्राचं नेमकं हेच झालं.

दुसरं, तुम्ही कुठपर्यंत आलात याची खूण ठेवायला स्कॉर्म १.२ मध्ये जागा फक्त ४,०९६ अक्षरांची. लांबलचक कोर्स असला की ती भरते. मग नेट उत्तम असूनही खूण जुन्याच जागी राहू शकते.

तिसरं खिडक्यांचं. कोर्स नव्या खिडकीत उघडत असेल तर मागची खिडकी बंद करू नका, नोंद तिच्यातूनच जाते. आणि मोबाईलवर फुली मारून किंवा वर सरकवून बंद करू नका. कोर्समधलं ‘बाहेर पडा’ दाबा, शेवटची नोंद बहुधा तेव्हा जाते. प्रत्येक भाग संपला की बाहेर पडून, मुख्य यादीत टक्का वाढलेला बघूनच पुढचा उघडा. कंटाळवाणं आहे, पण वाचवतं.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. २०१३ साली एक्सएपीआय ही नोंद ठेवायची नवी पद्धत आली. तिच्यात नोंदी फोनवर साठवून रेंज आल्यावर पाठवायची सोय करता येते. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सिस्टीमच्या मोबाईल ॲपमध्येही स्कॉर्मचा धडा उतरवून ऑफलाइन करता येतो, निकाल नंतर जुळतो, अर्थात संस्थेनं ती सोय चालू ठेवली असेल तर. जांबोटीच्या माणसाकडून सक्तीनं कोर्स करून घ्यायचा तर ही सोय आधी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅडम, तुमची वही टाकू नका. सर्व्हरवर लॉगिनच्या आणि पानं मागितल्याच्या वेळा वेगळ्या नोंदलेल्या असतात. लेखी अर्ज द्या, तारीख-वेळ घाला आणि त्या नोंदीशी ताडून बघायला सांगा.

मुलगी, हिंडलगा

आईचा कोर्स मी शेजारी बसून करून घेतला. आता आम्ही प्रत्येक भागानंतर स्क्रीनशॉट काढतो, वरची घड्याळाची वेळ दिसेल असा. एकदा उपयोगी पडला.

शिक्षिका, खानापूर तालुका

परत लिहितेय. टिळकवाडीच्या दादांनी सांगितलं तसा अर्ज दिला, वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. आज फोन आला. संध्याकाळी ४:१० ते ५:३५ माझं लॉगिन नोंदलेलं सापडलं, वहीतल्या वेळेशी जुळलं. १८ गुण काही परत मिळाले नाहीत, पण चाचणी पुन्हा द्यायची मुभा मिळाली आणि शेऱ्यात ‘तांत्रिक कारण’ असं लिहून दिलं. उद्या शनिवार, सकाळची शाळा. दुपारच्या बसनं बेळगावात बहिणीकडे जाते आणि तिथं बसून देते.