"जशी आहे तशी" विकलेल्या जुन्या गाडीचं पहिलं मोठं काम कोणाच्या खिशातून?

खारी_हवा:
माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डवाल्याकडून घेतलेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स किंवा चेसिस पहिल्या तीन महिन्यांत कामाला आलं, तर खर्च यार्डवाल्याने करावा. पावतीवर "जशी आहे तशी", म्हणजे पुढे तक्रार चालणार नाही, असं छापलं म्हणून तो मोकळा होऊ नये. मूळ मालकाला गाडीखाली काय चाललंय ते बहुधा ठाऊक नसतं. यार्डवाला मात्र गाडी घेताना ती रॅम्पवर चढवतो, एकेका दोषावर बोट ठेवून भाव पाडतो आणि विकताना तेच दोष झाकतो.

आपल्याकडे कोकणात सगळ्यात जास्त झाकला जातो तो गंज. बंदराजवळ उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून चकचकीत असतो. खाली गंज न खरवडता त्यावरच काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा जाड थर) मारलेलं असतं. मीठ आणि ओल कोटिंगखाली अडकते, पत्रा आतून सडत जातो. मग एक दिवस पंक्चर काढायला जॅक लावावा, तर तो टेकवायच्या पट्टीतच घुसतो. ब्रेक पाइपवर हेच झालं असेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

मेस्त्री_कुडाळ:
अजिबात पटत नाही. सात-आठ वर्षांची गाडी, निम्म्याहून कमी भाव, आणि हमी नव्या गाडीची? तीन महिन्यांची हमी सक्तीची केली तर तिचा खर्च गाडीच्या किमतीतच चढेल. घेणाऱ्याने टोकन देण्याआधी स्वतःचा मेस्त्री न्यावा. दोन तासांचं काम आहे.

गाडी आदल्या रात्रीपासून बंद हवी. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढा, जोरात धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) मिनिटभरात दगडासारखा होत असेल, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत वाफेनेही ती जमते. क्लच घाटातच कळतो: करूळ किंवा आंबा घाटाच्या चढाला वरच्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबा. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली.

गंजासाठी जॅकच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, सबफ्रेमचे (इंजिन आणि चाकं पेलणाऱ्या खालच्या चौकटीचे) जोड आणि ब्रेक पाइप स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. कोटिंग बोटाला लागत असेल तर ते कालपरवाचं आहे. एवढं करूनही गाडी घेतली, तर पुढचा खर्च घेणाऱ्याचा.

वाशिष्ठीकाठ:
मेस्त्री, तुमची यादी चोख आहे. पण दोन तासांत सगळंच दिसतं हे मान्य नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाडमध्ये किती गाड्या पुराच्या पाण्याखाली गेल्या ते आठवा. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट पूर्ण ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असतात. धूर्त माणूस बेल्ट बदलतो, बोल्टही बदलतो. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये चढणारा हिरवा गंज डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि यार्डात डॅशबोर्ड कोण उतरवू देईल? मग वर्षभराने एकेक सेन्सर दगा देतो.

एक गोष्ट मात्र जमते. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावून "कोड पुसल्यापासूनचं अंतर" वाचा, म्हणजे बिघाडाच्या नोंदी पुसल्यानंतर गाडी किती चालली ते. ते दहा-पंधरा किलोमीटर निघालं, तर कोणीतरी नुकताच इंजिनचा दिवा विझवलाय. बॅटरी काढल्याची सबब सांगतील. तर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर उठायचं.

ओरोस_वकिली:
मेस्त्री आणि वाशिष्ठीकाठ, दोघांचेही मुद्दे कायद्यात आहेत. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 16 बघा. घेणाऱ्याने माल तपासला असेल तर तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल तक्रार चालत नाही. दडलेल्या दोषाची वाट मात्र बंद होत नाही. म्हणून मेस्त्रीने काय तपासलं ते लिहून यार्डवाल्याची सही घ्या, आणि "पुरात बुडालेली नाही, मीटर फिरवलेला नाही" एवढं एक वाक्य पावतीवर मागा. ते खोटं निघालं तर "जशी आहे तशी" फार काळ टिकत नाही.

दोष निघाल्यावर लोक घाईने इंजिन उघडतात आणि पुरावा तिथेच जातो. आधी लेखी नोटीस द्या, गाडी बघायला बोलवा, काढलेले पार्ट जपून ठेवा. गाडी कोल्हापुरातून आणली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत 2 वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही.

मेस्त्री_कुडाळ:
सहीची गोष्ट मान्य. पण पुराचं असं वाक्य छोटा यार्डवाला लिहून देणार नाही, कारण त्यालाही गाडी तिसऱ्या हाताने आलेली असते.

खारी_हवा:
मग त्याने ती गाडी घेऊ नये. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि ताब्यात आलेली गाडी 29सी फॉर्मने कळवावी लागते. तो फॉर्म दाखवा म्हटलं की किती यार्डवाले गप्प होतात ते बघा.