सीएमएमएस आलं म्हणून लॉगबुक रद्दीत घालायचं?

बुटीबोरी फिटर
परवा एका कन्सल्टंट भाऊनं इथे पोस्ट लिहिली की सीएमएमएस, म्हणजे मेंटेनन्सच्या कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, न वापरणारा प्लांट अडाणी, लॉगबुक रद्दीत घाला, मोबाइलवर वर्क ऑर्डर, म्हणजे करायच्या कामाची चिठ्ठी, आली की ब्रेकडाऊन आपोआप कमी होतात. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. आमच्याकडे हे सॉफ्टवेअर आलं तर आधी चार महिने मशीनवर क्यूआर कोड चिकटवण्यात गेले. मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५, शेडमध्ये त्याहून जास्त, हात ग्रीसनं बरबटलेले, फोनची स्क्रीन बोटच ओळखत नाही. मग पोरं काय करतात, शिफ्ट सुटताना कँटीनमध्ये बसून बारा वर्क ऑर्डर एका दमात 'डन' करतात. डॅशबोर्ड सगळा हिरवागार. मागच्या आठवड्यात मी पाहिलं, ४ किलोवॅटच्या एका मोटरला दर महिन्याला 'ग्रीसिंग डन', असं चौदा महिने. त्या मोटरला ग्रीस निप्पलच, म्हणजे ग्रीस भरायचं तोंडच नाही! ६२०६ झेडझेड बेअरिंग आहे, दोन्हीकडून बंद, ग्रीस आतच भरून येतं. हे तुमचं डिजिटल मेंटेनन्स?

हिंगणा प्लॅनर
दादा, चौदा महिने खोटं लिहिलं हे तुम्हाला कळलं कसं? सॉफ्टवेअर उघडलं म्हणूनच ना? लॉगबुकात हेच खोटं असतं तर चौदा महिन्यांची पानं कोण उलटणार होतं? आमचे जुने सुपरवायझर रिटायर झाले अन् प्रेस मशीनची अर्धी हिस्टरी त्यांच्याबरोबर घरी गेली. रजिस्टर होती, पण दोन पावसात भिजून पानं चिकटलेली. हायड्रॉलिक पंप मागे कशानं गेला होता ते शोधायला त्यांनाच फोन करावा लागायचा. ते किती वर्षं फोन उचलणार?

स्टोअरवाले काका
स्टोअरबद्दल कोणीच बोलत नाही. सिस्टिम म्हणते बेअरिंग दोन नग, रॅक रिकामा. रात्री दोनला कोणीतरी चिठ्ठी न लिहिता नेतो अन् सकाळी साहेब माझ्यावर ओरडतात. मिनिमम स्टॉक टाकला तर पर्चेस म्हणते पैसा अडकतो. सॉफ्टवेअर कोणतंही आणा, रात्री स्टोअरला माणूस ठेवा आधी.

नाईट शिफ्ट
काका, रात्री आम्हीच नेतो, कारण रात्री स्टोअरची चावी गेटवर असते अन् लाइन बंद पडून रायते. अन् सगळ्यांले सांगतो, आम्हाले लॉगिनच नाही. ठेकेदाराचे आहो ना. लायसन्स महाग पडते म्हणतात. काम मी करतो, नाव साहेबाचं चढते. अ‍ॅप इंग्रजीत, फेल्युअर कोडची, म्हणजे बिघाडाच्या कारणांची, यादी चाळीस ओळींची, म्हणून सारेच 'अदर' दाबतात. मग कशाचा डेटा पाहून रायले तुम्ही?

वाइंडिंगवाला
निप्पल नसलेल्या मोटरला काही झालं नाही हो, ती वाचली. निप्पल असलेल्यांचं पाहा. जळून येणाऱ्या मोटरी मी उघडतो, कित्येकींत वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर, ग्रीसचा थर असतो. पीएममध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीच्या देखभालीच्या यादीत, नुसतं 'ग्रीस करा' लिहिलेलं, किती ते नाही. जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, सील ढकलून आत जातं.

कामठी रोड
काहीही. मी तीस वर्षं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतो. नागपूरच्या उन्हात ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, जास्तच लागतं.

वाइंडिंगवाला
अन् तीस वर्षं मोटरी माझ्यासारख्यांकडे पाठवता. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, म्हणजे ग्राम आले. ६३०९ नंबरचं बेअरिंग घ्या, व्यास १०० अन् रुंदी २५, साडेबारा ग्राम. बस. बेअरिंग ७० डिग्रीच्या वर चालत असेल तर दर १५ डिग्रीला दोन ग्रीसिंगमधला काळ निम्मा करायचा, ग्रीस दुप्पट नाही. अन् ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ग्रीस बाहेर पडायचं बूच, उघडून मारा.

कामठी रोड
पुस्तकातलं मला शिकवू नका. तुम्ही टेबलावर मोटर पाहता, आम्ही राखेच्या धुळीत पाहतो. ड्रेन प्लग किती मोटरींचे उघडतात सांगा, सगळ्यांवर रंग मारलेला.

वाइंडिंगवाला
प्लग उघडत नाही म्हणून तर ग्रीस आत चाललं ना! माझं म्हणणं तेच आहे!

हिंगणा प्लॅनर
दोघंही थांबा. लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया ग्रीस, म्हणजे एका जातीवर दुसऱ्या जातीचं, मारणारेही आहेत आपल्यात, तो वाद अजून निघालाच नाही.

कन्सल्टंट
मीच तो पोस्टवाला. 'अडाणी' शब्द मागे घेतो, बाकी नाही. चेकलिस्ट दुसऱ्या प्लांटच्या एक्सेलवरून उचलली जाते, फिटरला कोणी विचारत नाही, हे आमच्या धंद्यात होतं, मीही केलंय. पण क्रेन-चेनची तपासणी फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम २९ मध्ये १२ महिन्यांत एकदा सांगितली होती, ती वेळेवर व्हायलाच हवी, ती तारीख कोणाच्या डोक्यात ठेवायची? कॅलेंडर मशीनलाच ठेवू द्या.

बुटीबोरी फिटर
क्रेनचं मान्य. तेवढंच मान्य. आज ग्रीस गन वजनकाट्यावर ठेवली, एका स्ट्रोकला १.४ ग्राम निघालं. आमच्याकडे ६३०९ ला तीस स्ट्रोकची पद्धत आहे, म्हणजे ४२ ग्राम, साडेबाराच्या जागी. ही पद्धत सॉफ्टवेअरनं नाही आणली, २००९ च्या लॉगबुकात माझ्याच अक्षरात आहे. सोमवारी बदलतो. आता वर्क ऑर्डरमध्ये नऊ स्ट्रोक लिहून घेईन, अन् त्या निप्पल नसलेल्या मोटरचं ग्रीसिंग काढून टाकायला लावीन. लॉगबुक मात्र ठेवणार.

नाईट शिफ्ट
नऊ स्ट्रोक मारतो मी. पण डन कोणाच्या नावानं करू? लॉगिनचं कोणीच बोलून नाही रायलं.