वल्हे: खुंटीतले आणि हातातले
(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप
घरी छोट्या होड्या बांधण्याच्या इंग्रजी सूचना मी पुतण्यासाठी मराठीत करून दिल्या. त्यात दोन होड्या होत्या, एक रुंद आणि एक अरुंद कनू. ओअर (होडीच्या काठावरच्या खुंटीत अडकवून ओढायचं) आणि पॅडल (नुसतं हातात धरून मारायचं), दोन्हींना मी 'वल्हे' लिहिलं. दुसरा शब्द सुचलाच नाही. पुतण्याने बांधायला घेतली कनू, पण वल्ह्याची लांबी घेतली रुंद होडीच्या पानावरून. 2.4 मीटरची दोन वल्ही तासली आणि 75 सेंटीमीटर रुंदीच्या कनूच्या काठांवर खुंट्याही ठोकल्या. खुंटीच्या आत जेमतेम हातभर दांडा, बाहेर दोन मीटर. ओढता ओढेना. त्याचे तीन आठवडे माझ्या एका शब्दापायी गेले, आणि ते मला फार लागलंय. या दोन वस्तूंना मराठीत वेगळे शब्द आहेत का? नसतील तर काय करावेत?

अनुस्वार
संस्कृतात शब्दांची वाण नाही. 'क्षेपणी' आणि 'अरित्र'. ओअरला एक द्या, पॅडलला दुसरा.

रंधा
क्षेपणी ऐकून कोणाच्याही डोळ्यांसमोर क्षेपणास्त्र येईल. लाकूड तासणाऱ्या मुलाला हा शब्द काय कामाचा?

ओहोटी
शिवाय ती वाटणी तिथेही टिकत नाही. ऋग्वेदात अश्विनीकुमारांची नाव शंभर अरित्रांची आहे, म्हणजे तिथे अरित्र हे वल्हंच. अमरकोशात क्षेपणी म्हणजे नावेचा दांडा, आणि अरित्र मात्र सुकाणूच्या बाजूला गेलंय. इंग्रजीतही रडर, म्हणजे सुकाणू, हे मुळात होडी वळवायचं वल्हंच होतं, आणि तो शब्द अरित्राच्याच कुळातला. हिंदीत पतवार म्हणजे सुकाणू, तरी कितीतरी लोक वल्ह्यालाच पतवार म्हणतात. हे शब्द सगळीकडेच एकमेकांच्या जागी सरकत आलेत.

काठावरची
हिंदीतला 'चप्पू' का नको? हाताने मारायचं ते चप्पू, खुंटीतलं ते वल्हं. आटोपलं.

अनुस्वार
आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला?

काठावरची
'सुकाणू' अरबी सुक्कानवरून आलं, 'खलाशी'ही अरबीच. होडीच्या बाबतीत आपण काय उसनं घेतलेलं नाही? डिंगी, म्हणजे छोटी होडी, तर आपल्याच बंगाली-हिंदीतून इंग्रजीत गेली आणि आता परत येतेय. पाण्यावरचे शब्द वस्तूबरोबर येतात, त्यांना उंबऱ्यावर अडवून काय मिळणार? आणि खरं सांगायचं तर हिंदीतही चप्पू दोन्हींना चालतो, पण मराठीत तो नवा असल्यामुळे आपण त्याला एकच काम नेमून देऊ शकतो.

जुनी वही
आमच्या घरात हातातल्या आखूड वल्ह्याला 'चाटू' म्हणत. आजोबा होडीत बसले की "चाटू दे" असंच म्हणायचे.

रंधा
चाटू ढवळायचा असतो हो. तुमच्या आजोबांनी आकारावरून लाडाने दिलेलं नाव असेल.

जुनी वही
लाडाने का असेना, आम्हा चौघा भावंडांना तो शब्द एकदाही समजावून सांगावा लागला नाही. आकार, आखूडपणा, दोन्ही हातांनी धरणं, सगळं त्यात आलं. शब्दाकडून आणखी काय हवं असतं?

तळटीप
मला चाटू आवडला. पण कयाक या अरुंद होडीच्या पॅडलला दोन्ही टोकांना पाती असतात, त्याचं काय?

रंधा
दुपाती वल्हं. हे तर सोपं आहे.

अनुस्वार
मुळाकडे बघू. 'वल्' म्हणजे वळणे, फिरणे. जे पाण्यात वळतं ते वल्हं. म्हणजे पॅडल हाच मूळ अर्थ, खुंटी नंतर आली.

ओहोटी
मग 'ह' कुठून आला? 'उन्हाळ्या'तला ह 'उष्ण'मधल्या ष चा आहे. 'कोल्ह्या'तलाही क्रोष्टृमधल्या ष चा. वल्ह्यातल्या ह ला असा कुठलाच बाप 'वल्'मध्ये सापडत नाही. आणि व्युत्पत्ती बरोबर निघाली तरी खुंटी कधी आली ते त्यातून कसं कळणार?

अनुस्वार
ह चा हिशोब मला देता येत नाही, हे मान्य. तरी 'वल्हवणे' म्हणताना मनगट वळतं, ते मला खोटं वाटत नाही.

काठावरची
क्रियापद काढलंत ते बरं केलंत. होडी वल्हवतात आणि वल्ही मारतात. म्हणजे वल्हवणे ही होडीची गोष्ट, हातात काय आहे त्याची नाही. मग फरक बसण्यावरून का करू नये? ओअरवाला पाठमोरा बसतो, जिकडे जायचं तिकडे पाठ करून. पॅडलवाला समोर बघतो. पाठमोरी वल्ही आणि सामोरी वल्ही.

तळटीप
किती छान! पुतण्याला हे एका वाक्यात कळलं असतं.

रंधा
नाही टिकणार. व्हेनिसचा गोंडोलावाला उभा राहून समोर बघत जातो आणि त्याचं वल्हं लाकडी टेकूवर टेकलेलं असतं. ते ओअरच. फरक टेकूचा आहे. वल्ह्याचा भार होडीवर येतो की फक्त माणसाच्या हातांवर, एवढंच पाहायचं. म्हणून खुंटीवल्हं आणि हातवल्हं. लांबीही त्यावरूनच ठरते. कनूचं एकपाती हातवल्हं जमिनीवर उभं केलं की साधारण हनुवटीपर्यंत यावं. खुंटीवल्ह्याला माणसाची उंची बघत नाहीत, दोन खुंट्यांमधलं अंतर बघतात. तुमच्या पुतण्याची वल्ही वाया गेली नाहीत, 2.4 मीटरमधून हातवल्ही सहज निघतील. पात्याकडून नाही, मुठीकडून कापायला सांगा.

तळटीप
मुठीकडून कापायचं हे सांगितलंत, फार उपकार झाले. तो पात्याच्याच बाजूने करवत लावणार होता. आता आणखी एक विचारतो. या कनूला आत सांगाडा नाही. प्लायच्या फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधायच्या, मग सांध्यात इपॉक्सी (सुकून कडक होणारा चिकट पदार्थ) भरून वर काचकापडाची, म्हणजे फायबरग्लासची, पट्टी. 1963 सालच्या 'मिरर' नावाच्या डिंगीमुळे ही पद्धत घरोघरी पोचली. या पद्धतीला मी 'शिवण आणि चिकटवण' असं लिहिलंय. बरोबर आहे ना?

जुनी वही
शिवण म्हणू नका. शिवलेल्या होड्या ही वेगळी, फार जुनी गोष्ट आहे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवतात आणि तो दोरच होडीला जन्मभर धरून ठेवतो. तुमची तार इपॉक्सी सुकेपर्यंतच. त्याला शिंप्याच्या भाषेत कच्ची शिवण म्हणतात. आधी टाचायचं, पक्कं झालं की दोरा उसवायचा.

काठावरची
टाचणे! हाच शब्द. टाचून चिकटवणे.

अनुस्वार
टाचणे म्हटलं की टाचणी आणि कागद आठवतात. होडीला ते हलकं वाटतं.

जुनी वही
होडी हलकी असणं वाईट आहे का? दोन माणसांनी डोक्यावर उचलून पाण्यापर्यंत नेता येते, म्हणून तर लोक ती घरी बांधतात.

ओहोटी
पण सगळेच तारा काढत नाहीत. काहीजण बाहेरची टोकं कापतात आणि आतली तार पट्टीखाली तशीच राहू देतात. जी तार होडीबरोबर शेवटपर्यंत राहते, तिला कच्ची शिवण कसं म्हणायचं?

रंधा
राहते, पण धरत नाही. धरते ती पट्टी.

ओहोटी
मग पक्की शिवण आहे कुठे यात?